ॲकॉर्डियनवरची ती चाल

हे मी आपल्या मंडळात आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तोसुद्धा तुमच्याबरोबर दिवाळी अंकातच वाचेल, आणि मग घरी काय व्हायचं ते होईल. संपादक सुनंदाकाकूंनी खरं तर हलकाफुलका लेख मागितला होता — ‘वैशाली, तुझं ते मेक्सिकन गाणं कसं सुचलं, लिही की!’ हो म्हणून बसले. तीनदा लिहायला घेतलं, तीनदा खोडलं. कारण — सुचलं कुठे होतं?

थांबा, जरा मागून यावं लागेल. सरळ सांगायची हिंमत असती तर चार वर्षं लागली असती का?

इथे अमेरिकेत, अल्फारेटातले आम्ही पाच जण, सगळे चाळिशीपार, गणपतीच्या कार्यक्रमात मराठी रॉक वाजवतो. मी नागपूरची, लहानपणापासून पेटी वाजवणारी, बँडमध्ये कीबोर्डवर. आणि माझी किंमत काय? तर ‘वैशाली प्रॅक्टिसला सामोसे मस्त आणते.’ राग यायचा हो! अस्सा राग यायचा!

चार-पाच वर्षांपूर्वी ब्लाउज अंगाला होईनात, म्हणून ते सैल करून घ्यायला मी जवळच्या शिवणकामाच्या दुकानात गेले. दुकान रोसाउराचं. साठीची बाई, मेक्सिकोतून येऊन कित्येक वर्षं झालेली. भिंतीवर एक ॲकॉर्डियन टांगलेलं — पट्ट्या पेटीसारख्याच, भाताही तसाच, फक्त गळ्यात अडकवायचं. माझे हात शिवशिवले. ते तिच्या नवऱ्याचं, रामिरोचं होतं. आठवडाभर तो घरांवर छपरं बसवायचा आणि शनिवारी लग्नांत वाजवायचा. आदल्याच वर्षी गेला. ‘वाजव,’ ती म्हणाली, ‘नुसतं टांगून खराब होतंय.’

मग दर मंगळवारी जाऊ लागले. ती गुणगुणायची, मी सूर शोधायचे. त्यातच एक चाल होती, आपल्या दादऱ्यासारख्या झोक्याची, ऐकता ऐकता पाय हलायला लावणारी. रामिरोनं स्वतः बांधलेली. कुठे रेकॉर्ड नाही, काही नाही — फक्त रोसाउराला पाठ. तिनं ती मला शिकवली आणि एवढंच म्हणाली, तुझ्या लोकांना ऐकव.

ऐकवली. मराठी शब्द घातले, खाली ड्रम्स, मध्ये गिटार, आणि गणपतीत अख्खा हॉल नाचला. एरवी खुर्चीतून न हलणारे डॉक्टरकाकासुद्धा! कार्यक्रमाआधी निवेदन करणाऱ्या मुलीनं विंगेत विचारलं होतं — मावशी, संगीत कुणाचं सांगू?

माझं, म्हटलं मी.

माझं नव्हतं. रामिरोचं होतं. एक नाव घ्यायचं होतं, त्यात काय जड होतं? पण मला एकदा तरी सामोशांच्या पलीकडे ओळखलं जायचं होतं. हे नुसतं कारण आहे, सबब नाही.

आणि हेही सगळ्यात वाईट नाही. चाल हाताला बसल्यावर मी मंगळवार बंद केले. कपडे टाकण्यापुरतीच जायचे. रोसाउरा दर वेळी विचारायची, ऐकवलीस का तुझ्या लोकांना? आणि मी म्हणायचे — अजून नीट बसली नाही. चार वर्षं! इकडे तुमच्या मुलांच्या लग्नांत त्या चालीवर वराती निघत होत्या, आणि तिकडे ती बाई मलाच धीर देत होती: बसेल गं, ये की, शिकवते.

का खोटं बोलले? कारण हो म्हटलं असतं तर ती ऐकायला आली असती, आणि संगीतकार म्हणून माझं नाव पुकारलेलं तिनं ऐकलं असतं. आणि दुसरं — लिहिताना हात थांबतोय — जरीच्या साड्यांत, आपल्या डॉक्टर-इंजिनियर मंडळींत, ही शिवणकामवाली कोण, असं तुम्ही विचाराल याची मला लाज वाटत होती. तिला हवं तरी काय होतं? रामिरोची चाल कुणाच्या तरी कानात राहावी, बस्स. ते झालं होतं, आणि मी तिला कळू दिलं नाही.

गेल्या मंगळवारी जाऊन सगळं सांगितलं. नाव, नाच, वराती, खोटं. फोनवर व्हिडिओ दाखवला. तिनं शिवणयंत्र बंद केलं, चष्मा पुसला आणि शेवटपर्यंत पाहिला. म्हटलं, आता हाकलणार. हाकललं असतं तर बरंच वाटलं असतं.

तिनं व्हिडिओ मागे नेला आणि मधल्या एका जागी बोट ठेवलं. इथे थांबायचं असतं, म्हणाली. तरुणपणी रामिरो आधी एकटाच इकडे आला होता, ती गावी. दर रविवारी तो टेलिफोनवरून तिला ही चाल वाजवून दाखवायचा आणि मध्येच थांबायचा — ती अजून लाइनवर आहे ना, बघायला. ती म्हणायची, ‘आहे.’ मग तो पुढे वाजवायचा.

त्या जागी आम्ही ड्रम्स भरले होते. चार वर्षं जी चाल माझी म्हणून मिरवली, ती मला धड येतही नव्हती.

माफ केलं, असं ती म्हणाली नाही. मी विचारलंही नाही. तिनं ॲकॉर्डियन काढून माझ्या गळ्यात अडकवलं आणि पहिल्यापासून वाजवायला लावलं. त्या जागेशी आले, आणि थांबले.

‘आहे,’ रोसाउरा म्हणाली.

मग मी पुढे वाजवलं.