जरीचे शर्ट
हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोला तर नाहीच. काल तिने साड्यांची बॅग उघडली, डांबराच्या गोळ्यांचा वास आला आणि नव्वदच्या दशकातला, जर्सी सिटीतल्या मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम आठवला. मी आणि माझा जिवलग मित्र, दोघं सोळा वर्षांचे. डिस्को डान्ससाठी त्याच्या आईने स्वतःची जरीची साडी कापून आम्हाला चकचकीत शर्ट शिवले होते. नाच संपल्यावर हॉलच्या जिन्याखाली, घामाने चिकटलेल्या त्या जरीत, मी म्हणालो, "आय लाइक यू. म्हणजे, तसं." तो हसला. "मी टू, यार. फायनली!" त्याने माझा हात धरला, तेवढ्यात फराळाच्या प्लेट्स घेऊन काकू, म्हणजे त्याची आई, आल्या. "काय चाललंय रे हे?" मी हात झटकला. "काकू, यानेच सुरू केलं. मी नको म्हणत होतो." तो माझ्याकडे नुसता बघत राहिला. महिन्याभरात त्याला सुधारायला म्हणून नागपूरला मामाकडे धाडलं. तो आईकडे कधीच परतला नाही. माझ्या लग्नात काकू माझ्या गालावरून हात फिरवत म्हणाल्या, "तू तरी वाचलास, बाळा." मी वाकून नमस्कार केला. काकू आता फार थकल्यात. आधी मीच बोललो होतो, एवढं त्यांना सांगायचं अजून राहिलंय.