भगवंतभाऊ दक्षिण करून आले

मे महिन्यात स्वेटर घालून फिरणारा माणूस आमच्या पेठ गावात एकच, तो म्हणजे आमचे शेजारी भगवंतभाऊ. जन्म गेला मंचरकडच्या एका बटाट्याच्या कोल्ड स्टोरेजात. बाहेर ऊन मी म्हणतंय आणि हे आत गोण्यांच्या थप्प्यांमधून हात चोळत थर्मामीटर बघत फिरतायत. गारठा अंगात असा मुरला की रिटायर झाले तरी निघाला नाही. लग्न केलं नाही. आईच्या दुखण्यात राहून गेलं असं ते सांगतात. मी सांगते, पोरगी बघायला गेले तेव्हासुद्धा मफलर सोडायला तयार नव्हते, मग कोण देईल? आता आईही गेली. त्यांची-आमची भिंत सामाईक, त्यामुळे मला सगळं ऐकू येतं. त्यांच्याकडं कुकरची एकच शिट्टी होते. एका माणसाच्या भाताला दुसरी लागत नाही.

रस्ता रुंद झाला तेव्हा त्यांच्या शेताची कड त्यात गेली आणि सरकारकडून पैसे आले. बिनबायकोच्या माणसाच्या पैशाला गाव सल्लागार असतं. कुणी म्हटलं देवळाला कळस चढवा, कुणी म्हटलं गाडी घ्या. भाऊंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि एक दिवस गेणूनानांच्या चहाच्या हॉटेलात सांगून टाकलं, की मी अंटार्क्टिकाला चाललोय.

"कुठं?" नानांनी चहा ओतता ओतता विचारलं.

"पार दक्षिणेला. बोटीनं. बर्फ बघाया."

"अरं, जलमभर बर्फातच व्हतास की. पोट भरलं न्हाई?"

"ते मशीनचं गार व्हतं, नाना. खरं कसं आसतंय ते बघायचंय येकदा."

"बरं, मग हिमालयात जा. दक्षिणेकडं पाय करून आमी झोपत बी न्हाई. तिकडं यमाचं घर."

"मग त्याचं बी घर बघून येतो," भाऊ म्हणाले, आणि सगळं हॉटेल हसलं.

बुकिंग केलं त्यांच्या भाच्यानं, पुण्याच्या सुदर्शननं. तो म्हणाला, मामा, एवढ्या लांब जाताय तर जोडून डोंगर पण करा. बोट जिथून सुटते त्या अर्जेंटिनातच मोठमोठे डोंगर आहेत, बोटीवरून उतरलात की आठवडाभर तिकडं चाला, मग दोन दिवस शहर बघा आणि या. झालं. चालायचा सराव पाहिजे म्हणून भाऊंनी पाठीवरची मोठी पिशवी घेतली, तिच्यात बटाटे भरले आणि शिवनेरी चढायला लागले. शिवनेरी झाला, हडसर झाला, नाणेघाट झाला. एसटीत कंडक्टर विचारायचा, "काय राव, गडावर भाव चांगला मिळतो का?" दमले की गडावर एकटेच बसायचे आणि तेच बटाटे घेऊन परत यायचे. शेवटी मोड यायला लागले तेव्हा मला देऊन टाकले. दोन किल्ले आणि एक घाट फिरलेला बटाटा आम्ही रश्श्यात खाल्ला. चवीत फरक नव्हता.

आता आमच्याकडची एक रीत सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. यात्रेहून आलेलं माणूस सरळ घरी जात नाही. वेशीवरच्या मारुतीत थांबतं. घरचे लोक वाजंत्री घेऊन येतात, पाय धुतात, त्याला घरी नेतात आणि उंबऱ्यात भाकरतुकडा ओवाळून आत घेतात. आणायचा मान घरच्यांचा. ते येईपर्यंत दुसऱ्यानं त्याच्या पिशवीलाही हात लावायचा नाही, नाहीतर भांडणं होतात. मात्र घरचे आले की मागून गाव चालतं आणि त्या गावात सगळ्यात पुढं कोण? भगवंतभाऊ. कुणाच्या सासूची ट्रंक डोक्यावर, कुणाच्या चुलत्यावर छत्री. त्यांची आई काशीहून आली तेव्हा तर मंचरहून बँड आणला होता आणि बँडपुढं स्वेटर घालून नाचले होते.

निघायच्या आदल्या दिवशी किल्ली द्यायला आले तेव्हा दारातच घुटमळले.

"सोनलवहिनी, येक इचारू? तिकडून आल्यावर मारुतीत थांबायचं आसतंय का?"

"ते काशी-रामेश्वरवाल्यांचं, भाऊ. तुमी पेंग्विनच्या गावाला चाललाय. थांबलात तर मारुती बी हसंल."

"तसं न्हवं, आपलं इचारलं," म्हणाले आणि हसले.

तिकडून फोटो यायचे. प्रत्येक फोटोत भाऊंचं अर्धं तोंड आणि मागं जग. आधी बर्फ, मग निळा तलाव, मग सुळक्यासारखे डोंगर. काढायला कुणी नाही, हात पुरेल तेवढंच. मी लिहायची, पेंग्विनांत एखादी स्थळ म्हणून बघा. ते हात जोडलेलं चित्र पाठवायचे.

माघ सरत आला होता. संध्याकाळी दूध घालून येताना गेणूनानांकडं टेकले, तर ते म्हणाले, "भगवंता आला गं. मारुतीत बसलाय."

"कवा?"

"जेवणं झाल्यावर. पिशव्या-बिशव्या घेऊन बसलाय. मी म्हणलं, काय राव, आलास का. म्हणला, आलो."

"मग आणला न्हाई का कुणी?"

"घरचं यायचं आसंल की. मान त्यांचा. आपण मधी कसं पडायचं?"

तिथं बसलेल्या चौघांनीही माना डोलावल्या. सगळ्यांनीच त्यांना बघितलं होतं. कुणी राम राम घातला होता, कुणी बोटीचं विचारलं होतं, आणि रीत पाळून प्रत्येक जण पुढं गेला होता.

"नाना," मी म्हटलं, "घरचं म्हंजे कोण?"

नाना ग्लास विसळत होते, ते थांबले. "सुदर्शन..." म्हणाले.

मी तिथूनच सुदर्शनला फोन लावला. तो म्हणाला, "मामी, मी विमानतळावरनं आणून गावात सोडलं की दुपारीच. घरापर्यंत येतो म्हणालो, तर म्हणाले इथंच उतरव, इथून पुढं नेतील. मला वाटलं, गावानं काहीतरी ठरवलंय."

गावानं काहीच ठरवलं नव्हतं. मी घरी गेले, तांब्या भरला, भाकरीचा तुकडा घेतला. वाजंत्री कुठली आणू? चपला वाजवत निघाले.

भाऊ पारावर बसले होते. अंगात लाल भडक जाकीट, पायात नडग्यांपर्यंत बूट, शेजारी पिशव्या नीट एकावर एक, गोण्यांची थप्पी लावावी तशा. मला बघून उठायला लागले.

"तुमी कशाला वहिनी? मी आपला जरा टेकलो व्हतो."

"दुपारपासनं टेकलाय. बसा. पाय फुडं करा."

"ऱ्हाऊ द्या."

"काढा म्हणते ते बूट. का तिकडं गोठून चिकटलेत?"

बुटांच्या नाड्या सोडायला लई वेळ लागला. आत पाय होते ते बघवत नव्हते, डोंगर चालून अंगठ्याची नखं काळी पडलेली. मी पाणी घातलं. मला गप्प बसवेना म्हणून मी विचारलं, "तिकडचं तीर्थ कुठाय? गंगेवाले तांब्या आणतात."

"काय आणू देत न्हाईत. खडा सुदिक न्हाई." मग म्हणाले, "बोटीवरनं उतरताना बूट धुत्यात, परत चढताना बी धुत्यात. आपल्याकडची घाण तिकडं जाऊ नाय म्हणून. येक पोरगी व्हती, परत आलं की ब्रश घिऊन वाकायची, प्रत्येकाचं बूट घासायची. रोज. पहिल्या दिवशी मला वाटलं..."

"काय वाटलं?"

"काय न्हाई. मी तिला म्हणलं, ऱ्हाऊ दे पोरी, मी धुतो. तिला मराठी कुठलं कळतंय."

मी दुसऱ्या पायावर पाणी घातलं. तांब्या संपला तरी ते पाय मागं घेईनात.

मग आम्ही निघालो. एक पिशवी मी घेतली, बाकी त्यांनी. बूट हातात, अनवाणी. गेणूनाना हॉटेलच्या पायरीवर येऊन उभे राहिले, चौघं मागं. त्यांना मागून यावं वाटत होतं, दिसत होतं मला. पण वाजंत्री नाही, भावकी नाही, पुढं नुसती शेजारीण. अशा मिरवणुकीत चालायचं कसं, हे कुणाला माहीत नव्हतं. भाऊ त्यांच्याकडं बघून हसले. तेही हसले. आम्ही पुढं आलो.

माझ्याकडच्या किल्लीनं घराचं कुलूप काढलं. ओवाळणारं माणूस घरातून यायचं असतं, म्हणून मी आधी आत गेले आणि फिरून उंबऱ्यात आले. भाकरतुकडा ओवाळला. गंमत म्हणून विचारलं, "कोण पाव्हणं? कुठनं आलात?"

भाऊ उंबऱ्याबाहेर बूट धरून उभे. सांगायला तोंड उघडलं, आत माझ्या मागं अंधाऱ्या खोलीकडं बघितलं, आणि म्हणाले, "लांबनं."

"आमच्याकडं चला, चहा ठेवते. घरात दूध न्हाई तुमच्या."

"आज नको. आलेल्या माणसानं आधी आपल्या घरात बसायचं आसतंय."

ते आत गेले, आईच्या खाटेवर बसले. दिवा लावला नाही. मी तुकडा कुत्र्याला टाकला आणि जाताना सवयीनं दार ओढायला लागले.

"वहिनी," आतून आवाज आला, "लावू नका. ऱ्हाऊ द्या उघडं."