पगाराची वरची मर्यादा

माझ्या मुलाला किती पैसे मिळणार, हे समुद्रपुरात माझ्याआधी पानठेल्यावाल्याला कळलं. कबड्डीच्या लीगचा लिलाव टीव्हीवर चालू होता आणि मी बायकोची बीपीची गोळी आणायला बाहेर पडलो होतो. परत येताना पानठेल्यावाल्यानं मला थांबवलं, माझा हात हातात घेतला आणि आकडा सांगितला. मला वाटलं, त्याच्या ऐकण्यात काही गफलत झाली असेल. मी एसटीत वाहक होतो. उभी हयात हिंगणघाट, वर्धा, नागपूर अशा फेऱ्या केल्या आणि पगार कधी कोणी विचारला नाही, कारण तो सगळ्यांना अंदाजानं माहीतच असतो. आता मुलाचा आकडा गावभर झाला. विहारात वंदनेनंतर लोक अभिनंदन करत आणि निघताना हळूच कोणी पोरीच्या नर्सिंगच्या फीचं बोले, कोणी बोअरवेलचं. राग यायचा नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मीही बोललो असतो. पण इतकं एकदम आलेलं टिकतं कसं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

बायको खूश होती. तिनं बोरगाव मेघेला प्लॉट पाहिला, मुलानं तो घेतला, आणि दुसऱ्या हंगामाचे पैसे येताच बांधकाम सुरू झालं. पैसे आले ते कर कापूनच आले होते. माझ्याही पगारातून कधीमधी कापला जायचा, आणि कापला की विषय संपायचा. म्हणून मी समजलो की हाही संपला. मार्चच्या आधी वर्ध्याच्या एका सीएकडे सहज म्हणून गेलो, तर त्यानं कागद पाहून चष्मा काढला. कापला तो फक्त दहावा भाग, तुमच्या मुलाचं उत्पन्न वरच्या टप्प्यातलं, बाकीचा कर त्यानं स्वतः भरायचा होता, तोही वर्षभर हप्त्याहप्त्यानं, आता व्याजही लागेल, असं त्यानं समजावलं. मी म्हटलं, त्याच्या कंपनीनं का नाही कापला पूर्ण? त्यावर तो म्हणाला, "काका, तो नोकरीत नाही. तो व्यवसाय करतो. डॉक्टर, वकील असतात तसा."

आम्ही कर भरला. त्यासाठी घराचं काम कॉलमवर थांबवावं लागलं, आणि पावसाळाभर लोखंडाच्या सळ्या तशाच वर उघड्या राहिल्या. कराचं मला वाईट वाटलं नाही. ज्या रस्त्यांवरून मी पोट भरलं ते कोणीतरी कर भरूनच झाले होते. मला धसका बसला तो दुसऱ्याच गोष्टीचा. नोकरी नाही, म्हणजे भविष्य निर्वाह निधी नाही, ग्रॅच्युइटी नाही, आजारपणाची रजा नाही. मुलगा उजव्या कोपऱ्यात खेळायचा. चढाई करणाऱ्याचा पाय धरायला झेप घ्यायची, तेव्हा पहिला आपटतो तो गुडघा. मॅच पाहताना लोक गुण मोजत. मी प्रत्येक झेपेनंतर तो उठून कसा चालतो तेवढंच पाहायचो.

डाव्या कोपऱ्यात त्याचा मित्र होता, नाचणगावचा. दोघं क्रीडा प्रबोधिनीत एका खोलीत राहिलेले, नंतर लीगमध्येही एकाच संघात लागलेले. त्याचे वडील लवकर गेले होते, आई अंगणवाडीत मदतनीस. लिलावात त्याची बोली माझ्या मुलाच्या निम्म्याहून कमी होती, पण ज्याला खेळ कळतो तो सांगे की उजवा कोपरा चमकतो तो डाव्यामुळे. चढाईवाला एकावर आला की दुसरा मागून वाट बंद करायचा. एकमेकांकडे न पाहता त्यांना कळायचं. सुट्टीत तो आमच्याकडे यायचा, स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभ्याउभ्याच जेवायचा, आणि बायको त्याच्या ताटात न विचारता वाढत राहायची.

तिसरा हंगाम संपल्यावर संघाच्या व्यवस्थापकाचा फोन आला. मुलगा अंगणात बोलत होता. बोलणं संपलं तरी तो आत येईना, म्हणून मीच बाहेर गेलो. त्यानं मला बाजेवर बसवलं आणि सगळं सांगितलं.

लीगचा नियम असा होता की कोणत्याही संघाला खेळाडूंवर ठरावीक रकमेपेक्षा जास्त खर्च करता येत नाही. त्या रकमेला ते पर्स म्हणतात. त्यांच्या संघाचा मुख्य चढाईपटू त्या वर्षी फार गाजला होता आणि त्याला ठेवायचं तर पर्सचा मोठा वाटा त्यालाच जाणार होता. उरलेल्यात दोन्ही कोपरे बसत नव्हते. व्यवस्थापक म्हणाला होता की तू तुझा आकडा खाली आणलास तर तुझा मित्रही राहील, नाहीतर त्याला सोडावं लागेल. विचार कर आणि सांग, पण हे त्याच्याशी बोलू नकोस, नियमात बसत नाही.

मी आयुष्यभर युनियनचं काम केलं. आगारात सचिव होतो, संपात महिनोन्महिने बिनपगारी बसलो, साहेबांसमोर बोलणी केली. पण आमची सगळी भांडणं खालच्या मर्यादेची. सगळ्यात कमी पगार किती असावा, यासाठी आम्ही घसा कोरडा केला. सगळ्यात जास्त किती असावा, हा प्रश्न कोणी आमच्यासमोर ठेवलाच नव्हता. मी विचारलं, हा नियम केला कोणी? तो म्हणाला, सगळ्या संघांनी मिळून, म्हणजे एखादा फार पैसेवाला मालक सगळे चांगले खेळाडू उचलून नेणार नाही आणि लहान संघही जिंकू शकतील. माझी पंचाईत तिथंच झाली. नियम वाईट असता तर मला बोलता आलं असतं. हा नियम मला पटत होता, आणि त्याच नियमानं दोन पोरांना समोरासमोर उभं केलं होतं.

"बाबा, तुमी बोलणी केली हायेत," मुलगा म्हणाला. "मी काय करू?"

"तो म्हणते ते लिहून दे म्हण त्याले. दोघं राहतीन, असं कागदावर."

"तसं लिहून देताच येत नाई म्हणते."

"मंग तुह्या कमी झालेल्या पैशाचं तो काय करन, हे तुले कसं कळन?"

 आम्हाला साहेब लोक एकेकट्याला केबिनमध्ये बोलवायचे तेव्हा आम्ही जात नसू. जायचं तर तिघाचौघांनी जायचं, हा आमचा पहिला धडा होता. तो मुलाला सांगावा असं मनात आलं, पण इथं युनियन कुठली? प्रत्येकाचा फोन वेगळा, प्रत्येकाचा आकडा वेगळा. त्यात मित्राला कळलं आणि वर व्यवस्थापकाला कळलं तर दोघांचंही जाईल, ही भीती होती. म्हणून मी ते बोललो नाही.

बायको मित्रावर जीव टाकायची. ती कमी घे म्हणेल असं मला वाटलं होतं. पण तिनं साफ नाही म्हटलं. भाजी निवडता निवडता, वर न पाहता म्हणाली, "उद्या गुडघा गेला त मालक येईन का पाहाले? आहे तवा घे. त्याले मी माह्या हातानं जेवू घालीन, पण पैसे सोडू नको."

मुलानं आम्हा दोघांचंही ऐकून घेतलं आणि त्याच आठवड्यात आकडा खाली आणायला होकार दिला. मला त्याचा अभिमान वाटायला हवा होता. वाटलाही, पण त्याच्या खाली धाकधूक होती.

काही दिवसांनी संघानं कायम ठेवलेल्या खेळाडूंची यादी आली. त्यात मुलाचं नाव होतं, कमी केलेल्या आकड्यासह. मित्राचं नव्हतं. मुलानं फोन केला तर व्यवस्थापक अगदी गोड बोलला. त्याला लिलावातून परत घेऊ, तसा तो स्वस्तात पडेल, तू निश्चिंत राहा. मित्रालाही त्यानं तेच सांगितलं होतं, वाट पाहा, तू आमचाच आहेस. मित्रानं मुलाला फोन करून अभिनंदन केलं. मुलगा 'हो, हो' करत राहिला, आणि फोन ठेवल्यावर सरावाचे बूट घालून बसला तो तसाच, मैदानावर गेलाच नाही. पुढचे सगळे दिवस त्याचं असंच चाललं. माझंही वेगळं नव्हतं. तिकिटाचा हिशेब कमी भरला की वाहक जसा पैशांची पिशवी पुन्हा पुन्हा मोजतो, तसा मी व्यवस्थापकाचा शब्द न् शब्द दिवसभर आठवत राहायचो.

लिलावाच्या दिवशी मित्र सकाळच्या बसनं आमच्याकडे आला. म्हणाला, "काका, घरी आईच्या समोर नाई बसवत मले. इथंच पाहतो." बायकोनं सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, केली होती. चौघं टीव्हीसमोर बसलो. पडद्याच्या कडेला प्रत्येक संघाच्या पर्समध्ये किती उरलं ते दिसत होतं. दुपारी एका परदेशी चढाईपटूवर बोली चढत गेली, आणि चढवणाऱ्यांत मुलाचा संघ होता. त्यांनी त्याला घेतलं तेव्हा त्यांच्या नावापुढचा आकडा पार खाली आला होता. मुलानं माझ्याकडे पाहिलं. मी टीव्हीकडे पाहत राहिलो. त्यानं सोडलेले पैसे तिकडे गेले होते, हे आम्हा दोघांनाही कळलं.

मग डाव्या कोपऱ्यांची पाळी आली. मित्राचं नाव पुकारलं, त्याचा फोटो आला. लिलाव करणाऱ्यानं सगळ्या टेबलांकडे पाहिलं. कोणीच हात वर केला नाही. एक हातोडी वाजली आणि पुढचा फोटो आला.

मित्रानं ताट खाली ठेवलं. बायको त्याला काही तरी म्हणायला गेली, तेवढ्यात मुलगा बोलून गेला. "मी कमी घेतले रे. तू राह्यला पाह्यजे म्हणून मी पैसे सोडले. त्यानं फसवलं."

आम्हाला वाटलं, मित्र रडेल. तो शांतपणे उभा राहिला.

"मले काऊन नाई विचारलं?"

"सांगू नको म्हणे तो."

"दुसऱ्या एका संघाचा फोन आलता मले," मित्र म्हणाला. "लिलावात बोली लावू का, येशील का, विचारत होते. मी म्हटलं, माहं घर इथंच हाये. तू सांगतलं असतं त मी हाव म्हटलं असतं त्याईले. तू माह्यासाठी पैसे सोडले अन् मलेच माहीत नाई."

 मित्रानं बायकोला 'काकू, येतो' म्हटलं, चप्पल घातली आणि निघाला. मुलगा उठला तर मी त्याला हातानंच थांबवलं आणि स्वतः मागे गेलो.

बसस्थानकावर आम्ही दोघं एका बाकावर बसलो. हिंगणघाटच्या गाडीला वेळ होता. माझ्या ओळखीचे दोन वाहक नमस्कार करून गेले, एकानं मित्राला ओळखलं आणि सेल्फी मागितला. त्यानं काढू दिला, हसलाही. वाहक गेल्यावर मित्र मला म्हणाला की बँकेत खेळाडूंची भरती निघते, तिथं अर्ज करावा का. मी करावा म्हटलं. मला दुसरं काही सुचत नव्हतं. तो पायानं जमिनीवरची खडी सरकवत होता आणि मी त्याच्या घोट्याकडे पाहत होतो, ज्याला दोनदा प्लास्टर लागलं होतं आणि ज्याचा खर्च दोन्ही वेळा त्याच्या आईनं बचत गटातून काढला होता.

गाडी फलाटाला लागत होती तेव्हा त्याचा फोन वाजला. माझा मुलगा होता. न विकलेल्या खेळाडूंना शेवटी पुन्हा एकदा पुकारतात. त्या फेरीत एका दक्षिणेतल्या संघानं त्याला घेतलं होतं, सगळ्यात खालच्या आकड्यावर. त्यानं ऐकलं, 'बरं' म्हटलं, फोन ठेवला आणि मग आईला लावला. आईशी बोलताना मात्र त्याचा आवाज फुटला. गाडीत चढताना मी त्याला म्हटलं, पोहोचला की फोन करजो. त्यानं केला, पण मला. मुलाला नाही.

तो हंगाम ते एकमेकांविरुद्ध खेळले. सामना संपल्यावर ओळीत सगळ्यांशी हात मिळवतात तसे त्यांनी मिळवले. माझ्या मुलाचा खेळ त्या वर्षी पडला. डावीकडून वाट बंद करणारा नवा पोरगा चांगला होता, पण दर वेळी क्षणभर उशिरा पोहोचायचा. बायको टीव्हीवर मित्राचे सामने मुद्दाम लावायची आणि मुलगा खोलीत असला तरी बंद करायची नाही.

घर पूर्ण झालं तेव्हा आम्ही बोरगाव मेघेला राहायला आलो. बायकोनं मित्राच्या आईला स्वतः जाऊन बोलावणं केलं. गृहप्रवेशाला मायलेक आले. भन्तेजींचं परित्राण पठण चालू असताना मुलगा आणि मित्र मागच्या ओळीत शेजारी बसले होते, आणि जेवणं झाल्यावर गच्चीवर गेले ते संध्याकाळपर्यंत खाली आले नाहीत. काय बोलले ते मला माहीत नाही. दुसऱ्या आठवड्यापासून दोघं वर्ध्याच्या मैदानावर एकत्र पळायला जाऊ लागले.

गेल्या महिन्यात व्यवस्थापकाचा फोन पुन्हा आला. मित्राचा करार संपलाय, त्याला परत आणायचं आहे, पण पर्समध्ये जागा करावी लागेल, तू थोडं खाली ये. मुलानं 'सायंकाळी सांगतो' म्हटलं, मोटरसायकल काढली आणि नाचणगावला गेला. परत आला तेव्हा मागे मित्र बसला होता. दोघांनी हॉलमध्ये, माझ्यासमोर फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. मुलगा म्हणाला, "सर, आम्ही दोघं बोलून राह्यलो. दोघाईचे आकडे एका वेळी सांगा."

 मग व्यवस्थापक म्हणाला की मालकांना विचारून कळवतो.

अजून कळवलेलं नाही. यादी जाहीर व्हायची आहे. दोघंही सुटले तर काय, हे मी बायकोजवळ एकदा बोललो, तर ती म्हणाली, "सुटू द्या. एकमेकाईले माहीत त राहीन." तिचं म्हणणं मला पटतं. तरी घरात कोणाचाही फोन वाजला की मी हातातलं काम ठेवून आधी मुलाच्या चेहऱ्याकडे पाहतो.