रिकामी करंडी घेऊन घोलवडला

वसईला गाडीत चढलो तेव्हा माझ्या हातात एक रिकामी करंडी होती. समोरच्या बाईला राहवलं नाही.

"काका, घोलवडला चाललात आणि करंडी इथून? तिकडून लोक चिकू भरून आणतात."

"परत द्यायला चाललोय."

"करंडी कोण परत देतं?"

माझ्या सासुरवाडीत देतात. माझी बायको कमळ तलासरीतल्या झरीची. त्यांच्या घरची रीत अशी, की लेक सासरी निघाली की घोलवड स्टेशनवर तिच्याबरोबर चिकूची करंडी चढवायची. पुढच्या खेपेला रिकामी करंडी माहेरी आली की ती पुन्हा भरायची. आमच्या लग्नापासून हे चाललं. करंड्या झिजल्या, नव्या विणल्या, खेप काही चुकली नाही.

कमळ गेली आणि शेवटची करंडी आमच्या फळीवर राहिली. तेराव्याला तिचा धाकटा भाऊ रघू आला होता. करंडी त्याच्या डोळ्यांसमोर होती. त्याने तिला हात लावला नाही, माझ्याशी धड बोललाही नाही, गेला. मी समजलो, बाई गेली तसं नातंही गेलं. मग त्यांची वस्तू माझ्या घरात कशाला? रोज जेवायला बसलं की ती समोर दिसते आणि घास फिरतो. नेऊन टाकतो एकदाची, म्हटलं. रघूला फोन केला. तो फक्त "या" म्हणाला.

डहाणू रोडला गाडी बरीच रिकामी झाली. पुढे ताडाची झाडं लागली, मग चिकूच्या बागा, इकडे त्यांना वाड्या म्हणतात. चिकूचं झाड मला आवडतं. खाली वाकलेलं, गडद, दुपारीही आत अंधार.

घोलवडला उतरताना एका हातात करंडी, दुसऱ्या हातात दाराचा दांडा, आणि पायातली चप्पल सुटून खाली रुळाशी पडली. रघू फलाटावरच उभा होता. गाडी गेल्यावर त्याने काठीने चप्पल वर ओढली.

"भावोजी, वसईची चप्पल आमच्या गावात ठरत नाही."

हसलो मी. तो करंडीकडे मात्र बघेना.

मी सुतार. इमारत बघायची तर छपरापासून बघतो. स्टेशन लहानसं, कौलारू. वाशांचं लाकूड जुनं सागवानी, रंगाचे थर चढून चढून कडा गोल झालेल्या, पण वासा कुठे वाकलेला नाही. पुढे उतरतं छप्पर, त्याला लाकडी झालर. एका ठिकाणी झालर नव्याने बसवली होती. काम बरं होतं, पण नक्षी उलटी लावली होती. मी ते रघूला दाखवलं.

"गाड्या त्याने अडत नाहीत," तो म्हणाला.

रघूने या फलाटावर जन्मभर हमाली केली. त्यामुळे स्टेशनचा इतिहास त्याच्याकडून ऐकावा, खरंखोटं त्याचं त्याला माहीत. इंग्रजांनी रूळ टाकले तेव्हा इकडे सगळं गवताचं रान. गवताच्या गासड्या मुंबईच्या तबेल्यांना जायच्या. मागून वाड्या झाल्या आणि चिकू निघाला. सुतळीने तोंडं शिवलेल्या करंड्यांची थप्पी छपरापर्यंत लागायची. गाडी थांबायची जराशीच. माणसं ओळीने उभी राहून हातोहात करंड्या आत फेकायची. घंटा म्हणून रुळाचा तुकडा टांगलेला असायचा.

"आता सगळं टेम्पोने जातं," रघू म्हणाला. "स्टेशन नुसतं माणसांचं राहिलं."

मग एका बाकाशी थांबला. "इथं बसून ताई रडली होती. लग्नाच्या दिवशी."

"खोटं. गाडीत बसल्या बसल्या करंडी उसवून कच्चा चिकू खाल्ला तिने. चीक ओठांना लागला आणि पालघरपर्यंत थुंकत होती."

रघू इतका हसला की त्याला ठसका लागला. मग आम्ही दोघं त्याच बाकावर बसलो.

रिक्षाने झरीला गेलो. रघूच्या बायकोने तांदळाची भाकर, वालाचं बिरडं आणि भाजलेले बोंबील वाढले. कमळच्या हातची चव तिथली होती, हे मला म्हातारपणी कळलं. करंडी मी दाराशी ठेवली होती. जेवून उठलो तर ती तिथे नव्हती. म्हटलं, झालं. दिली. मोकळं वाटायला हवं होतं, वाटलं नाही.

संध्याकाळी रघू मला पोचवायला स्टेशनवर आला. गाडी दिसायला लागली तसा "आलोच" म्हणून बाहेर गेला. मी चढलो, दारातच उभा राहिलो. तेराव्याला गेला तसाच गेला हा, मनात आलं. तेवढ्यात धापा टाकत आला आणि माझ्या पायाशी करंडी सरकवली. भरलेली, तोंड शिवलेली.

"कच्चे आहेत. तांदळात पुरून ठेवा. चावू नका."

"रघू, आता कोणासाठी?"

"तुमच्यासाठी. नाहीतर रिकामी परत कोण आणणार? मी येऊ वसईला न्यायला?"

"तेराव्याला का नाही नेलीस?"

"मी कशी नेणार, भावोजी? करंडी सासरच्यांनी आणायची असते. मी उचलली असती तर तिथंच संपलं असतं. तुम्ही आणाल म्हणून वाट बघत होतो."

गाडी हलली. मी हात वर केला. तोही हात वर करून उभा होता, त्या उलट्या झालरीखाली.

घरी चिकू तांदळात ठेवले. पिकले तसे शेजारीपाजारी दिले. एक मी कच्चाच चावून बघितला. तोंड आवळलं, थुंकत बसलो आणि एकटाच हसलो. आता करंडी पुन्हा रिकामी आहे, फळीवर. समोर दिसते, पण घास खाली उतरतो. या खेपेला जाताना माझी करवत आणि हातोडी तिच्यात घालून नेणार आहे. स्टेशनवाल्यांनी हो म्हटलं, तर ती झालर सरळ करून देईन.