गुलालात हरवलेली पोर

"पोर कुठंय? माझी पोर कुठंय?"

काल गल्लीतनं मिरवणूक गेली, गुलालाचा वास नाकात शिरला आणि मी अशीच वरडले. पोर आता शाळंत जाती. म्हणली, "आई, मी हितंच हाय की."

ती हरवली तवा नुकती बसाया लागली व्हती. राजुरीला ज्युनियर कबड्डीची सेमीफायनल व्हती आणि आमच्या डिंगोरे गावाकडनं माझा धाकटा दीर खेळत व्हता. शेवटची चढाई त्याचीच. गर्दीत काय दिसंना, म्हणून शेजारी उभ्या असलेल्या बाईला म्हणलं, "मावशी, हिला जरा धरा," आणि मी बाकावर चढले. दिराची पकड झाली. एका पॉइंटनं आमी बाहेर. खाली बघते तर मावशी न्हाई, पोर बी न्हाई!

मावशी राजुरीची निघाली. कोणत्या गावची, ते इचारायचं सुचलंच न्हाई मला. तिचा संघ जिंकला तशी ती माझ्या पोरीसकट मैदानात पळाली व्हती.

मी धक्के खात आत घुसले. दीर मातीत तोंड खुपसून रडत व्हता. आणि त्याच्याच म्होरं, ज्यानं त्याला धरलं त्या गड्याच्या खांद्यावर माझी पोर, गुलालानं लालभडक, बोळकं उघडून हसतीय! मावशी म्हणती, "अगं नाच की! तुझी लेक लई पायगुणाची!"

मला रडू बी आलं, हसू बी. हिकडं दीर, तिकडं पोर. आज बी कळत न्हाई बगा. तुमी आधी कुणाला उचललं असतं?