माहेरच्या नावासाठी एक रकाना

नव्या निराधार योजनेच्या ॲपने आज एका बाईच्या दोन बायका केल्या, म्हणून लिहिते आहे.

आमच्या गावात त्याची चाचणी होती, अर्ज भरून घ्यायला मी बसले होते. सुनंदाकाकींच्या आधारवर सासरचं नाव, वयाच्या पुराव्याला शाळेचा दाखला, त्यावर माहेरचं ‘शेवंती’. नावं जुळत नाहीत म्हणून ॲपने अर्ज नाकारला. काकींची औषधं या योजनेच्या पेन्शनवर अवलंबून.

“बाईनू, लग्नात नाव बदल्लां, मी बदलूक नाय! आता ह्या शेवंतीक खंयसून आणू?” काकींनी मला विचारलं.

ॲप बनवणारा इंजिनिअर म्हणाला, “मॅडम, अशा केसेस कितीशा असणार?”

“लग्नात नाव बदललेल्यांनी हात वर करा,” मी म्हटलं. रांगेतल्या अकराही जणींचे हात वर.

वाचणाऱ्यांनो, तुमच्या आईचं माहेरचं नाव कुठल्या कागदावर आहे, बघून ठेवा.

इंजिनिअरला मी माझ्या सहीनिशी दिलं: नव्या रकान्याचा कच्चा नमुना, अकरा जणींची दोन्ही नावं, काकींचा अर्ज सर्वांत वर.