वर्गणी थकलेल्यांची यादी

मँचेस्टरला आमच्या विद्यार्थी मंडळाची वर्गणी एक मुलगी गोळा करायची. तिचं नाव मला आजही ठाऊक नाही.

स्नेहभोजनाच्या दुपारी अध्यक्ष तिला म्हणाला, "थकलेल्यांची नावं ग्रुपवर टाक. लाज वाटली की भरतील."

यादीत मीही होतो. दारातूनच परत फिरावंसं वाटलं.

पोळ्यांचा डबा उघडत ती म्हणाली, "लाज वाटली की जेवायलाही येत नाहीत रे. मग बोलवायला तू जाणार का?"

तेवढ्यात मी तिला दिसलो. यादी तिनेच केली होती, तरी तिने वरणाचं पातेलं माझ्याकडे सरकवलं. "तू वाढायला घे."

आमच्या गावी पंगतीत घरचा माणूस वाढतो. मी पातेलं उचललं. मग सगळ्यांना वरण वाढलं, अध्यक्षालाही.